खड्ड्याच्या संडासाला पुन्हा पुन्हा येणारा वास आणि माश्या : मूळ कारण कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. संडास बांधल्यावर पहिले काही महिने काही त्रास नाही. मग वास सुरू होतो. राख टाकली, चुना भुरभुरवला, फिनाईल ओतलं की चार दिवस बरे जातात आणि नंतर येरे माझ्या मागल्या. बरोबरीने माश्या येतात आणि घरातली माणसं संडास टाळायला लागतात.

इथे विचार केलाय तो नळजोड, फ्लश आणि वीज नसलेल्या ठिकाणच्या साध्या संडासाचा : खाली खड्डा, वर स्लॅब, स्लॅबला भोक किंवा बैठक, भोवती आडोसा आणि एक वायुनळी. अशा संडासात खड्ड्याचा टिकून राहणारा वास दोनच कारणांनी येतो. हवा उलट्या वाटेने फिरते, किंवा खड्ड्यात नको तितकं पाणी साचतं. वर काय टाकता याला तिसरं स्थान. म्हणून तपासणी याच क्रमाने करायची.

आधी वास कुठून येतोय ते ठरवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. रात्री संडासाचा वापर थांबल्यावर भोकावर जाड प्लास्टिकचा कागद पसरा, कडा ओल्या मातीने किंवा चिकटपट्टीने बंद करा, दार लावून टाका. सकाळी दार उघडल्यावर नाकात झोंबणारा, डोळ्यांना चुरचुरणारा वास आला तर तो खड्ड्याचा नाही. तो जमिनीत, भिंतीच्या खालच्या हातभर भागात किंवा लाकडी बैठकीत मुरलेल्या लघवीचा अमोनिया आहे. वायुनळीवर कितीही खर्च केला तरी तो जाणार नाही.

लाकूड असेल तर बैठकीची पुढची कड आणि फळ्यांची खालची बाजू बघा. खालच्या बाजूला रंग दिलेलाच नसतो आणि लघवी तिथेच झिरपते. फळी काढून धुवा, पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसा, उन्हात पूर्ण वाळू द्या, पॉलिश पेपर मारा आणि सहाही बाजूंना ऑइल पेंटचे दोन हात द्या. करवतीने कापलेल्या टोकांना तीन हात, कारण लाकूड तिथून सर्वात जास्त पाणी पितं. सिमेंटची जमीन खडबडीत असेल तर कोरड्या सिमेंटची घोटाई करून घ्या आणि भोकाच्या दिशेने उतार द्या. मीटरला २ सेंमी पुरे.

प्लास्टिक लावल्यावर वास गेला असेल तर तो खड्ड्याचा आहे. मग पुढे वाचा.

हवा कुठून कुठे जातेय

चांगल्या संडासात हवा आडोशात शिरते, भोकातून खाली उतरते, खड्ड्यावरून सरकते आणि नळीतून वर निघून जाते. हे बव्हंशी वाऱ्याने घडतं. नळीच्या तोंडावरून वारा गेला की तिथला दाब कमी होतो आणि नळीतली हवा वर ओढली जाते. नळी उन्हाने तापल्याचा हातभार लागतो, पण तो त्यामानाने थोडा. आडोशात वास राहू नये यासाठी ताशी साधारण २० घनमीटर हवा नळीतून जायला हवी.

तपासायला पातळ प्लास्टिकची बोटभर रुंद पट्टी घ्या आणि भोकाच्या कडेवर लोंबती धरा. पट्टी आत झुकली तर हवा बरोबर चालली आहे. बाहेर फडफडली किंवा नुसतीच लोंबत राहिली तर गडबड आहे. चिमूटभर टाल्कम पावडर भोकावर सोडली तरी दिसतं. काडी ओढून किंवा कागद पेटवून बघू नका, ओल्या खड्ड्यात मिथेन असू शकतो. ही चाचणी दार बंद ठेवून पहाटे, भर दुपारी आणि रात्री अशी तीनदा करा, शिवाय वारा ज्या दिवशी दिशा बदलेल त्या दिवशी पुन्हा. एकाच वेळेच्या निकालावर विसंबू नका.

नळीतले नेहमीचे दोष असे :

नळी अरुंद असते. ११० मिमीचा पाइप सहज मिळतो म्हणून तोच बसवला जातो. सतत वारा असलेल्या उघड्या माळावर तो चालून जातो. झाडी किंवा घरं जवळ असतील तर १५० मिमीच घ्या. नळी सरळ हवी, एकही बेंड नको. बेंडमुळे ओढ कमी होते आणि वरून येणारा उजेडही अडतो. हा उजेड का हवा, ते माश्यांच्या भागात येईल. ११० ची ओढ कमी पडते म्हणून शेजारी दुसरी नळी बसवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नका. एक नळी दुसरीतून हवा ओढू लागते आणि भोकातून ओढायची राहून जाते.

नळी बुटकी असते. तिचं टोक छपराच्या सर्वात उंच भागापेक्षा निदान ५० सेंमी वर हवं. छपराच्या पातळीवर वारा गोल फिरतो आणि तिथे ओढ मिळत नाही. शेजारचं झाड नळीपेक्षा उंच असेल तर फांद्या छाटा. कधीकधी दुखणं एवढंच असतं : संडास बांधताना झाड लहान होतं.

नळीला टोपी असते. पाऊस आत जाऊ नये म्हणून टोपी, टी आकाराचा जोड किंवा उलटं डबडं बसवतात. हिशोब करून बघा. १५० मिमी नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ १७७ चौसेंमी. वर्षाला १००० मिमी पाऊस पडला तरी त्यातून वर्षभरात १८ लिटरही पाणी आत जात नाही. तेवढ्यासाठी हवा आणि उजेड अडवणं परवडत नाही. टोपी काढून टाका. फिरता पंखा बसवला असेल आणि तो गंजून अडकला असेल तर त्याचीही टोपीच झाली म्हणा.

नळी तुंबते. आतल्या बाजूला कोळ्यांची जाळी धरतात आणि ती बाहेरून दिसत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी वरून बादलीभर पाणी जोरात ओता, किंवा दोरीला झुडपाची फांदी बांधून वरखाली फिरवा. नळीचं खालचं टोकही बघा. ते स्लॅबच्या खालच्या पातळीवर संपायला हवं. कुणी ते हातभर आत सोडलेलं असेल तर खड्डा भरत आल्यावर ते मैल्यात बुडतं आणि नळी असून नसल्यासारखी होते. "इतकी वर्षं ठीक होतं, आताच वास सुरू झाला" अशी तक्रार असेल तर ही शक्यता आधी तपासा.

नळी निर्दोष असूनही पट्टी बाहेर फडफडत असेल तर आडोसा बघा. हवा आत येणारी फट वाऱ्याच्या बाजूला हवी. ती वाऱ्याच्या उलट बाजूला असेल तर आडोशातली हवाच बाहेर खेचली जाते आणि तिची जागा भरायला खड्ड्यातली हवा भोकातून वर येते. वास फक्त ठरावीक दिशेचा वारा असतानाच येतो, ही याची खूण. उपाय सोपा आहे : वाऱ्याच्या उलट बाजूच्या फटी, खिडक्या, छपराखालच्या मोकळ्या जागा बंद करा आणि वाऱ्याच्या बाजूला एक मोकळी फट ठेवा. तिचं क्षेत्रफळ नळीच्या तिप्पट असावं. १५० मिमी नळीसाठी ७५ सेंमी रुंद दाराच्या वर ७-८ सेंमीची फट पुरते. वारा वर्षातून दोनदा दिशा बदलत असेल तर दोन्हीकडे फट ठेवून मोसमानुसार एकीवर फळी सरकवा.

वास फक्त वारा पडलेल्या कडक दुपारी येत असेल तर कारण वेगळं. त्या वेळी खड्ड्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड आणि जड असते आणि नळीत उलटा प्रवाह लागू शकतो. नळी आडोशाच्या बाहेर, दुपारचं ऊन पडेल त्या बाजूला घ्या आणि काळी रंगवा. एवढ्याने फरक पडतो. रात्री उलट परिस्थिती असते. खड्डा बाहेरच्यापेक्षा उबदार असतो आणि हवा आपोआप वर चढते. म्हणून वारा नसलेल्या थंड रात्रीही वास येत असेल तर बहुधा नळी तुंबलेली आहे.

स्लॅब आणि खड्ड्याच्या भिंतीमधली फट, नळी स्लॅबमधून जिथे जाते तिथला सांधा, सफाईसाठी ठेवलेलं झाकण : या सगळ्या जागा १:३ सिमेंट-वाळूने बंद करा. सफाईचं झाकण मात्र पुढे उघडता यावं म्हणून कच्च्या चुन्यात किंवा मातीत बसवा. खड्ड्यात हवा फक्त भोकातूनच गेली पाहिजे. भलत्याच फटीतून ती गेली तर नळी जोरात ओढत असूनही आडोशात वास राहतो.

माश्या

घरमाशीचं अंडं ते माशी हे चक्र उबदार हवेत ७ ते १० दिवसांत पूर्ण होतं. म्हणून खड्ड्यात एकदा औषध मारून काही साधत नाही, आठवड्याने पुढची पिढी हजर.

वायुनळीचा माश्यांवर होणारा परिणाम १९७० च्या दशकात आजच्या झिंबाब्वेत मोजला गेला. नळी नसलेल्या संडासातून ७८ दिवसांत १३,९५३ माश्या पकडल्या, तर तशाच पण जाळीची नळी असलेल्या संडासातून फक्त १४६. यामागची युक्ती अशी : बाहेरच्या माश्या वासाच्या मागे येतात. वास नळीच्या टोकाला असतो, तिथे जाळी आहे म्हणून त्या आत जाऊ शकत नाहीत. आत जन्मलेल्या माश्या उजेडाकडे उडतात. आडोसा अंधारा असेल तर त्यांना नळीच्या टोकाचाच उजेड दिसतो, त्या तिकडे चढतात आणि जाळीखाली अडकून मरून खाली पडतात.

यातून माश्या परत येण्याची कारणं निघतात. पहिलं म्हणजे जाळी फाटलेली असते. साधी लोखंडी जाळी खड्ड्यातल्या वायूंनी काही महिन्यांत झिजते. खालून बघितल्यावर ती धड दिसते आणि बोट लावलं की चुरा होतो. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकचा लेप असलेली फायबरची जाळी लावा. छिद्र १.२ ते १.५ मिमी. त्याहून बारीक घेतलीत तर हवा अडते, मोठं घेतलंत तर माशी निसटते. जाळी ताणून नळीच्या तोंडावर बसवा आणि स्टीलच्या क्लिपने आवळा. तारेने बांधलेली जाळी एका बाजूने सैल होतेच.

दुसरं कारण म्हणजे आडोशात उजेड जास्त असतो. छपराला पारदर्शक पत्रा टाकला की बसणाऱ्याची सोय होते आणि माश्यांचीही. दिवसा दार उघडं टाकायची सवय असेल तर दाराला आपोआप लागेल अशी स्प्रिंग किंवा वजन लावा.

झाकणाचा प्रश्न जरा नाजूक आहे. नळी नसलेल्या संडासात भोकावर घट्ट झाकण हवंच. नळी असलेल्या संडासात घट्ट झाकण म्हणजे हवेची वाटच बंद. दोन्ही साधायचं असेल तर झाकणाला खालून २ सेंमी उंचीचे रबरी ठोकळे लावा. ३० सेंमी व्यासाच्या भोकाभोवती एवढ्या फटीचं क्षेत्रफळ सुमारे १८८ चौसेंमी होतं, म्हणजे १५० मिमी नळीला पुरेसं.

डास ही वेगळी बाब. ते संडासात दिसले याचा अर्थ खड्ड्यात उघडं पाणी आहे. डास माश्यांइतके उजेडाच्या मागे जात नाहीत, त्यामुळे जाळी त्यांना पुरेशी अडवत नाही. पाणी हटवणं हा खरा उपाय. ते जमत नसेल तर २-३ मिमीच्या थर्माकोलच्या मण्यांचा १-२ सेंमी थर पाण्यावर तरंगता ठेवतात. झांजिबारमध्ये हा उपाय परिणामकारक ठरला आहे. पण पुराचं पाणी शिरणाऱ्या जागी तो करू नका, मणी सगळीकडे पसरतील. कोरड्या खड्ड्यात तर त्याचा काही उपयोगच नाही.

पाणी

हवा बरोबर आहे, पट्टी आत झुकतेय, तरी सडक्या अंड्यासारखा वास येतो? मग खड्डा ओला आहे. पाण्याखाली हवा पोचत नाही, मैला ऑक्सिजनशिवाय कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

एक लांब काठी घ्या, दर १० सेंमीला खूण करा आणि दर महिन्याला त्याच जागी खड्ड्यात उतरवून पातळी लिहून ठेवा. पातळी पावसाळ्यात चढून नंतर उतरत असेल तर पाणी बाहेरून येतंय. वर्षभर चढतीच असेल तर ते आतूनच येतंय आणि माती ते पीत नाहीये.

आतल्या पाण्याचा हिशोब बघा. माणसाची लघवी दिवसाला १ ते १.५ लिटर. धुण्याचं पाणी एका वेळेला १ ते २ लिटर. चार माणसांचं मिळून ८ ते १४ लिटर होतं. वापरात आलेल्या खड्ड्याची चिकणमातीची भिंत दर चौमीटरला दिवसाला १० लिटरच्या आसपास पाणी पिते, वाळूमिश्रित माती २५ पर्यंत. मीटरभर लांब-रुंद खड्ड्यात अर्धा मीटर उंचीपर्यंत ओल असेल तर भिंत २ चौमीटर भरते, म्हणजे चिकणमातीतही काम कसंबसं भागतं. त्यात एकाने जरी बादलीभर पाण्याने आंघोळ केली तर गणित कोसळतं. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी या खड्ड्यात अजिबात सोडू नका, त्याला वेगळा शोषखड्डा लागतो.

माती चिकट असेल तर धुण्याची जागा भोकापासून हातभर बाजूला घ्या. तिथे उतार देऊन ५० मिमी पाइपने पाणी बाहेरच्या छोट्या शोषखड्ड्यात न्या : ६० सेंमी लांब, रुंद, खोल, आत खडी, वर मातीचं आवरण. या पाण्यात जंतू असतात, ते उघड्यावर वाहता कामा नये. लघवी वेगळी काढायची असेल तरी पाइप ५० मिमीच ठेवा. बारीक नळीत आतून पांढरट खडे धरतात आणि ती वर्षभरात बंद पडते.

पाणी बाहेरून येत असेल तर आधी पृष्ठभाग बघा, कारण तो सुधारायला स्वस्त आहे. स्लॅब भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान १५ सेंमी उंच हवा. चढाच्या बाजूला ३० सेंमी खोल चर काढून पाणी दोन्ही अंगांनी वळवा. छपराची पागोळी खड्ड्याच्या कडेला पडत असेल तर पन्हळ लावा. खड्ड्याचा वरचा ५० सेंमी भाग पक्क्या सांध्यात बांधलेला हवा. त्याखाली उभे सांधे मोकळे ठेवायचे असतात. पुष्कळदा नेमकं उलट केलेलं सापडतं : वर कोरड्या विटा, खाली गिलावा.

एवढं करूनही पावसाळ्यात पातळी चढत असेल तर भूजलच वर येतंय. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या सर्वात वरच्या भूजलपातळीपासून निदान दीड मीटर वर हवा आणि पिण्याच्या विहिरीपासून संडास ३० मीटर दूर, शक्यतो उताराच्या बाजूला. खडक भेगाळलेला असेल तर हे अंतरही अपुरं, कारण पाणी भेगांतून न गाळता धावतं. अशा जागी खोल खणण्याचा हट्ट सोडून खड्डा वर उचला : अर्धा ते एक मीटर बांधकाम जमिनीच्या वर, भोवती मातीचा दाबलेला भराव, चढायला पायऱ्या. साचलेलं पाणी उपसून शेजारी ओतणं हा उपाय नव्हे. खड्डा आठवड्यात पुन्हा भरतो आणि जंतू अंगणात येतात.

राख, भुसा आणि भलतेसलते उपाय

राख वरचा थर कोरडा ठेवते आणि भुसा ओल शोषतो, हे खरं. पण दोन्ही जागा खातात. चार माणसांनी रोज एकदा पाव लिटर राख टाकली तर वर्षाला ३६५ लिटर होतात. त्याच चार माणसांचा कोरड्या खड्ड्यात साठणारा मैला माणशी ६० लिटर धरला तरी २४० लिटर. म्हणजे वास मारायच्या नादात खड्डा अडीच पटीने भरतो. मूठभर राख, तीही फक्त शौचानंतर, एवढं बस. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात चार दिवस पूर्ण थंड होऊ द्या. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा असतो आणि लाकडी आडोसा पेटतो.

फिनाईल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर खड्ड्यात ओतू नका. कुजवणारे जीव मरतात आणि मैला जसाच्या तसा राहतो. ब्लीच आणि लघवीतला अमोनिया मिळून विषारी वायू होतो, तो बंद आडोशात छातीला बाधतो. खड्डा रिकामा करणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांवरही पैसे घालवू नका. खड्ड्यात आधीच त्याहून कैक पट जिवाणू असतात आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांत अशा पुड्यांचा लक्षणीय उपयोग दिसला नाही.

भरत आल्यावर

मापाचं सूत्र : माणसं × वर्षं × माणशी वार्षिक साठा. साठा ओल्या खड्ड्यात ०.०४ घनमीटर, कोरड्यात ०.०६, कागद किंवा राख जात असेल तर ०.०९. चार माणसं, पाच वर्षं, ०.०९ धरले तर १.८ घनमीटर. मीटर बाय मीटर खड्डा १.८ मीटर खोल, अधिक वरचा ५० सेंमी मोकळा, एकूण २.३ मीटर. अंदाजापेक्षा फार लवकर भरला तर आत प्लास्टिक, पॅड, डायपर जाताहेत का बघा. आडोशात झाकणाची बादली ठेवली की हा प्रकार बराच थांबतो.

काठीवर मैला स्लॅबपासून ५० सेंमीवर आला की वापर थांबवा. त्याहून वर भरू दिला तर माश्या, शिंतोडे आणि वास तिन्ही वाढतात. शेजारी दुसरा खड्डा आधीच तयार ठेवून स्लॅब आणि आडोसा तिकडे हलवा, जुना मातीने भरून वर उंचवटा ठेवा, कारण तो खचतो. दोन वर्षं तरी उकरू नका. जंताची अंडी सर्वात चिवट असतात, थंड प्रदेशात आणखी जास्त काळ थांबा.

आणि कुठल्याही कारणाने, पडलेली वस्तू काढायलाही, वापरातल्या खड्ड्यात माणूस उतरवू नका. तळाशी ऑक्सिजन नसू शकतो आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच थांबतं. वस्तू लांब काठीला हूक बांधून वरूनच काढा, आणि नाही निघाली तर सोडून द्या.